जळगावकडचा गे मुलगा, एचआयव्ही टेस्ट सिव्हिलला केली तर घरी कळेल का, औषधाला किती खर्च?

खर्च शून्य भाऊ. सिव्हिलला आयसीटीसी, म्हणजे सल्ला आणि टेस्टचं केंद्र असतं, तिथे टेस्ट फुकट, आणि पॉझिटिव्ह आली तर एआरटी सेंटरला (एचआयव्हीच्या उपचाराचं केंद्र) औषध पण फुकट, आता बहुतेकांना रोज एकच गोळी, आणि २०१७ पासून सीडी४ (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी) किती आहे ते न बघता लगेच चालू करतात.

घरी कळायचं म्हणशील तर २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने तुझ्या संमतीशिवाय घरच्यांना सांगता येत नाही. पण खरी भीती कायद्याची नसतेच, लाईनीत गावातला कोणी भेटला तर काय ही असते. माझा एक मित्र याच्यापायी भुसावळहून नाशिकला जायचा, सकाळची गाडी धरून, घरी सांगायचा इंटरव्ह्यू आहे. चालतं तसं पण, सेंटर बदलून मिळतं.

देशात प्रौढांत एचआयव्हीचं प्रमाण साधारण ०.२ टक्के आणि आपल्यात, म्हणजे गे पुरुषांत, ३ च्या वर, कारण लपूनछपून सगळं, टेस्टच होत नाही. काल-परवाच रिस्क झाली असेल तर ७२ तासांच्या आत पीईपी (लागण टाळायच्या गोळ्या) मागायची, उद्या बघू करू नको. १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन फुकट लागतो, मराठीत बोलतात.