अमेरिकेतल्या लिबरल आर्ट्स कॉलेजात नेमके काय शिकायला मिळते? मुलीला पाठवावे का?

आपली मुलगी बारावी सायन्स झाली आहे, तिला अमेरिकेतल्या एका लिबरल आर्ट्स कॉलेजात (म्हणजे एका शाखेत न अडकता विज्ञान, समाजशास्त्रे, भाषा असे विषय सोबत शिकवणाऱ्या पदवी महाविद्यालयात) प्रवेश मिळतो आहे, आणि तिथले अभ्यासक्रम कसे असतात, संधी कोणत्या मिळतात व ‘एवढा पैसा घालून शेवटी आर्ट्सच करायचे का’ या घरच्यांच्या प्रश्नाला काय उत्तर द्यावे, असे आपण विचारले आहे. हा शेवटचा प्रश्न आमच्या घरात अनेक वर्षे विचारला गेला, म्हणून लिहायला बसले.

मी कोल्हापूरची. अकरावीला सायन्सबरोबर भूगोल घ्यावा अशी माझी फार इच्छा होती. कॉलेजच्या कार्यालयात मला सांगितले गेले की भूगोल हा आर्ट्सच्या मुलांचा विषय आहे, आणि माझ्या अर्जावरचा तो शब्द माझ्यासमोर खोडून टाकला गेला. पुढे मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट होलिओक या महिला महाविद्यालयाने बहुतांश खर्च भागेल इतकी मदत देऊ केली, तेव्हा थोरले काका, जे स्वतः इंजिनिअर आहेत, म्हणाले की ज्यांना काय करायचे ते कळत नाही, अशीच मुले तिकडे जातात. मी अर्थशास्त्र घ्यायचे ठरवले होते खरे, पण ते का, हे मला सांगता आले नाही.

या कॉलेजात १८३८ पासून एक प्रथा चालत आली आहे. पानगळीच्या दिवसांत एका सकाळी, जी तारीख आधी कोणालाच सांगत नाहीत, घंटा वाजू लागतात, त्या दिवसाचे सगळे तास रद्द होतात, आणि कॉलेजला ज्याचे नाव मिळाले त्या डोंगरावर मुली चढून जातात. पहिल्या वर्षी मीही गेले. वाटेत काळ्या खडकाचे उभे खांब एकाला एक लागून उभे दिसले आणि माझे पाय तिथेच थांबले, कारण तसेच खांब मी लहानपणी पन्हाळ्याजवळ बांदिवड्याला पाहिले होते. बरोबर भूशास्त्र शिकणारी तिसऱ्या वर्षाची एक मुलगी होती. तिने सांगितले की हा बेसाल्ट आहे, लाव्हा थंड होताना आकसतो आणि असा खांबाखांबांनी भेगाळतो. आमच्याकडे सगळे डोंगर याच दगडाचे आहेत, असे मी म्हणाले, तेव्हा तिने मलाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. तिथला लाव्हा सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे अटलांटिक महासागर अजून उघडायचा होता आणि जमीन नुकती फाटू लागली होती तेव्हाचा, आणि आपल्या सह्याद्रीचा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, हे मला त्या दिवशी कळले. अठरा वर्षे मी ज्या दगडावर वाढले, त्याच्याविषयी मला काहीही माहीत नव्हते.

पुढच्या सत्रात मी भूशास्त्राचा पहिला कोर्स घेतला. त्यासाठी कोणाची परवानगी लागली नाही, शाखा बदलावी लागली नाही, वर्ष वाया गेले नाही, कारण मुख्य विषय दुसरे वर्ष संपताना जाहीर करायचा असतो. पदवीसाठी लागणाऱ्या १२८ क्रेडिटांपैकी (प्रत्येक कोर्स पुरा केला की ठरावीक क्रेडिट मिळतात) निदान ६८ मुख्य विषयाच्या बाहेरची असावी लागतात, आणि ती सवलत नसून अट आहे. शेजारच्या स्मिथ आणि ॲम्हर्स्ट या कॉलेजांत व मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲम्हर्स्ट शाखेत वेगळी फी न भरता विषय घेता येतात, त्यांच्यात बस धावते. भूजलाचा विषय मी विद्यापीठात जाऊन शिकले, आणि डायनासोरच्या पाऊलखुणांचा मोठा संग्रह ॲम्हर्स्टच्या संग्रहालयात पाहिला. (अशा खुणा साउथ हॅडली या आमच्याच गावातल्या शेतात एका मुलाला १८०२ मध्ये सापडल्या होत्या.)

संधींविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगते. उन्हाळी संशोधनाची जी प्रसिद्ध योजना अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान चालवते, तिचा निधी तिथले नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यासाठीच असतो, त्यामुळे आपल्या मुलीला तिचा उपयोग नाही. म्हणून कॉलेज स्वतःच्या निधीतून काय देते, हेच पाहावे. मला कॉलेजने उन्हाळ्याच्या कामासाठी पैसे दिले, आणि ते घेऊन मी माणदेशात एका संस्थेबरोबर विहिरींच्या पाण्याची पातळी मोजत फिरले. बेसाल्टमध्ये पाणी सगळीकडे सारखे नसते. वरचा मुरूम, भेगा आणि छिद्रे असलेले थर पाणी धरतात, सलग कठीण थर धरत नाहीत, त्यामुळे दोन शेजारच्या विहिरींपैकी एक भरलेली आणि दुसरी कोरडी असू शकते. परंतु कोणाच्या विहिरीवर कोणाला पाणी भरता येते आणि मोजणी करणाऱ्या मुलीला कोणते घर खरी माहिती देते, हे मला भूशास्त्राने शिकवले नाही. ते मानवशास्त्राच्या त्या कोर्समुळे कळले, जो मी केवळ अट पुरी करायची म्हणून घेतला होता. माझा अंतिम वर्षाचा प्रबंध त्याच विहिरींवर झाला, आणि आज माझी नोकरीही भूजलाच्याच कामाची आहे.

माझ्या प्रमाणपत्रावर मात्र ‘बॅचलर ऑफ आर्ट्स’ असेच छापलेले आहे, कारण तिथे भूशास्त्र घ्या किंवा भौतिकशास्त्र, पदवी तीच मिळते. काकांनी ते वाचून कागद परत माझ्या हातात दिला आणि ‘शेवटी आर्ट्सच ना’ म्हणाले. व्हर्जिनिया ॲपगार यांनीही १९२९ मध्ये याच कॉलेजातून प्राणिशास्त्र घेऊन पदवी मिळवली होती, आणि आज आपल्याकडच्या प्रसूतिगृहांतही बाळ जन्मल्यावर पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला ज्या गुणांनी त्याची तब्येत पाहतात, ते गुण त्यांच्याच नावाने ओळखले जातात. आपल्या घरच्यांना हे सांगा. सतराव्या वर्षी काय करायचे ते कळत नाही, हे काकांचे म्हणणे माझ्या बाबतीत अगदी खरे होते, पण त्यात माझा काही दोष होता असे मला आजही वाटत नाही. ज्या मुलीला भूगोल हवा होता तिच्या अर्जावरून भूगोल खोडणाऱ्या पद्धतीला दोष द्यायला हवा, आणि काका त्या पद्धतीच्या बाजूने उभे राहिले याचे मला अजून वाईट वाटते.

आता पैशांचे. पूर्ण खर्च वर्षाला ८०,००० डॉलरच्या पुढे जातो आणि तेवढे कर्ज काढून कोणीही जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ॲम्हर्स्टसारखी मोजकी कॉलेजे परदेशी विद्यार्थ्याची आर्थिक स्थिती न पाहता प्रवेश देतात. माउंट होलिओक ती पाहते, पण प्रवेश दिला तर सिद्ध झालेली गरज, म्हणजे खर्चातला कुटुंबाला न पेलणारा भाग, पूर्ण भागवते. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत कॉलेजातच काम करता येते, पण त्यातून फी निघत नाही. पदवीनंतर सध्याच्या नियमांप्रमाणे १२ महिने काम करता येते, आणि अमेरिकी सरकारच्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीतला विषय असेल तर आणखी २४ महिने. अर्थशास्त्र काही कॉलेजांत त्या यादीत येते, काहींत येत नाही, कारण ते विभागाने विषयाला दिलेल्या संकेतांकावर ठरते. मुलीचा कल तिकडे असेल तर तो संकेतांक आणि चारही वर्षांच्या मदतीचा आकडा, दोन्ही कॉलेजकडून लेखी मागून घ्या, आणि प्रवेश स्वीकारण्याची मुदत बहुतेक ठिकाणी १ मे असते, तिच्या आधी मागा.