वयाच्या ६३ व्या वर्षी आळंदी ते पंढरपूर पायी वारी झेपेल का?

तुम्ही लिहिलंय की वय ६३, साखरेची गोळी चालू, एक गुडघा कुरकुरतो आणि यंदा माऊलींच्या पालखीबरोबर पूर्ण वाट चालायची इच्छा आहे. मी पहिली वारी ६४ व्या वर्षी केली, आता तीन झाल्या. माझ्या अनुभवावरून सांगते: चालणं बहुतेकांना जमतं. माणूस अडतो तो झोप, पाणी आणि लाज या तीन गोष्टींपाशी.

ज्येष्ठ वद्य अष्टमीला प्रस्थान, आषाढ शुद्ध दशमीला पंढरपूर. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. सगळे टप्पे सारखे नसतात. लोणंद ते तरडगाव जेमतेम सात-आठ किलोमीटर, तर पुणे ते सासवड तीसच्या घरात आणि त्यात दिवे घाट. त्यातून हा टप्पा बहुतेक वर्षी नेमका एकादशीला येतो. सगळी दिंडी उपाशी. तुमची साखरेची गोळी आहे, म्हणून त्या दिवशी काय खायचं, गोळी किती घ्यायची हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. कुणी काही म्हणत नाही. आमच्या दिंडीत एक आजोबा घाटाच्या पायथ्याशी बसून भाकरी खायचे आणि मग अभंग म्हणत घाट चढायचे.

सराव करताना एका दिवसात किती चाललो ते मोजू नका. पंधरा किलोमीटर डांबरी रस्त्यावर चाला, झोपा आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच परत चाला. दुसऱ्या सकाळी पहिली शंभर पावलं कशी पडतात त्यावरून खरं कळतं. चपला-बूट जुनेच घ्या, निदान दोन महिने वापरलेले. पाऊस लागला की मोजे ओले राहतात आणि बोटांच्या बेचक्यात कातडी सुटते, म्हणून विसाव्याला बसलात की आधी मोजे काढायचे. मधुमेह असेल तर रोज रात्री तळवे आरशात बघा. फोड आला की दिंडीत कुणीतरी प्रेमाने सुईदोरा घेऊन बसतं, त्यांना हात जोडा आणि वाटेवरच्या दवाखान्यात जा. तिथलं पथक मोफत मलमपट्टी करतं. औषधं मात्र ट्रकमधल्या वळकटीत ठेवू नका. ट्रक पुढे निघून जातो, पोचायला कधी रात्र होते. निम्मी औषधं अंगावरच्या पिशवीत हवीतच.

दिंडी आधी ठरवा. मोकळ्या समाजात, म्हणजे कुठल्याच दिंडीत नाव न घालता, एकट्याने चालणारे पुष्कळ असतात, पण या वयात पहिल्यांदा तसं जाऊ नका. भिशी, म्हणजे दिंडीत राहण्या-जेवणाचे पैसे, किती हे तर विचाराच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे राहुट्या रस्त्यापासून किती आत पडतात, रात्री उठायची वेळ आली तर शौचालय किती लांब असतं, हे विचारा. पहाटे तीनला टँकरपाशी आंघोळीची गडबड सुरू होते, म्हणजे झोप चार-पाच तासांची. राहुटीत दाराजवळची जागा मागून घ्या, बॅटरी उशाशी ठेवा आणि दुपारच्या विसाव्याला गप्पा सोडून आडवे व्हा.

आता पाण्याचं. पहिल्या वर्षी मी, आणि माझ्या वयाच्या कितीतरी बायका, वाटेत आडोसा मिळणार नाही म्हणून पाणीच पीत नव्हतो. फलटण सोडून बरडच्या वाटेला लागलो आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. रस्त्याकडेच्या लिंबाखाली बसवलं, मीठ-साखरेचं पाणी पाजलं. दिंडीची गाडी उभी होती, पण मी चढेना. वारी मोडेल म्हणून रडू येत होतं. तेव्हा आमचे विणेकरी, म्हणजे दिंडीत गळ्यात वीणा घेऊन चालणारे, जवळ आले. पन्नाशीचे, शेतकरी माणूस. म्हणाले, "माऊली, ही वीणा आळंदीपासून खाली टेकलेली नाही. पण गळा बदलतो ना? आता माझ्या गळ्यात आहे, मघाशी दुसऱ्याच्या होती. बसा गाडीत." मी बसले. दुसऱ्या दिवशी बरडहून चालत नातेपुते गाठलं. तेव्हापासून पाणी सोडलं नाही. फिरती शौचालयं आता मुक्कामी असतात, वाटेतल्या गावच्या बायकाही घरात घेतात. विचारायला संकोचू नका.

दिंडीप्रमुखांना स्वतःचं दुखणं पहिल्याच दिवशी सांगून टाका. गळ्यात नाव, घरचा फोन नंबर आणि गोळ्यांची नावं लिहिलेलं कार्ड ठेवा. गर्दीत चुकलात तर संध्याकाळच्या समाजआरतीला, म्हणजे सगळ्या दिंड्यांच्या एकत्र आरतीला, पालखीच्या तळावर जा. सोहळ्याची शिस्त सांभाळणाऱ्या चोपदारांनी हातातला दंड उंचावला की हजारो टाळ क्षणात थांबतात. ज्या दिंडीचं काही गाऱ्हाणं असेल तिचेच टाळ वाजत राहतात, मग तिचं ऐकून घेतलं जातं. हरवल्या-सापडल्याचंही तिथेच पुकारतात. नीरेच्या पुलापाशी माझा चष्मा पडला होता. लोणंदच्या तळावर तो पुकारला गेला. काच शाबूत, आणि कुणीतरी तो आपल्या उपरण्याच्या तुकड्यात गुंडाळून दिलेला. चालताना काच नसेल तर रस्त्यातला खड्डा दिसत नाही, त्यामुळे मला तो केवढ्याला पडला असता ते तुमच्या लक्षात येईल. जास्तीचा चष्मा बरोबर ठेवा.

शेवटचं एक. आषाढीला पदस्पर्श दर्शनाची रांग कित्येक तास चालते. अठरा दिवस चाललेल्या पायांना तिथे उभं करू नका. आमच्या दिंडीतल्या म्हाताऱ्या बायका चंद्रभागेत स्नान करतात, नामदेव पायरीला डोकं टेकवतात, कळसाकडे बघून हात जोडतात आणि वारी पोचली म्हणतात. मीही तिन्ही वर्षं तेच केलं. दर्शनाला कार्तिकानंतर, गर्दी ओसरल्यावर एसटीने जाते.