तुझ्या वाटचं आम्ही म्हणतो

वाचकांची पत्रं आणि एका निवृत्त सिस्टरची उत्तरं

प्रश्न : आदरणीय सिस्टर, सलाम. माझ्या यजमानांच्या दोन्ही किडन्या गेल्या. वय ४८. चौदा महिने झाले, दर मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटेच्या एसटीनं डायलिसिसला नगरला जातो, घरी यायला दिवेलागण होते. वीस गुंठे जमीन विकली. सुरुवातीला चर्चच्या मंडळीतले लोक रोज प्रार्थनेला यायचे. आता सहसा कोणी फिरकत नाही. जे येतात ते विचारतात, घरात काही लपलेलं पाप आहे का. एक प्रार्थनेचा गट तर म्हणतो, सुया टोचून घेता म्हणजे विश्वास कुठं राहिला, डायलिसिस बंद करा, मग बघा देव काय करतो ते. मी शाळेपासून क्वायरमध्ये गायलेली बाई. आता रविवारी पेटीचा सूर लागला की घसा दाटतो, तोंड उघडत नाही. प्रार्थनेला गुडघे टेकले तर शब्द येत नाहीत, आलेच तर भांडणाचे येतात. माझा विश्वास गेला का? — एक भगिनी, शेवगाव तालुका

उत्तर : मी तुझ्यापेक्षा तीसएक वर्षांनी मोठी असेन, म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

आधी डायलिसिसचं. तुझ्या विश्वासाचं आपण सावकाश बोलू, पण हे शुक्रवारपर्यंत थांबायचं नाही. डायलिसिस एकदाही चुकवायची नाही. दोन-तीन पाळ्या चुकल्या की अंगातलं पाणी छातीत चढतं, पोटॅशियम वाढतं आणि बसल्या जागी हृदय थांबू शकतं. नोकरीत मी असे पेशंट उचलून आणलेले पाहिलेत. उशाला बायबल होतं, तेल लावलेलं कपाळ होतं, आणि उशीर झालेला होता.

त्या गटाला बायबलातला यशया ३८ काढून दे. हिज्कीया राजा मरणाला टेकला, भिंतीकडं तोंड करून रडला, देवानं त्याला पंधरा वर्षं वाढवून दिली. हे सगळे सांगतात. त्याच अध्यायाच्या शेवटाला यशयानं काय करायला सांगितलं होतं? अंजिरांची ढेप गळवावर बांधा. प्रार्थना ऐकलेली होती, तरी पोटीस बांधायचंच होतं! मी नर्स असल्यामुळं असेल, पण मला ते वचन फार आवडतं. आणि प्रेषित पौल? त्याच्या हातून एवढे लोक बरे झाले, पण त्रफिमाला तो आजारीच मिलेतात ठेवून आला, आणि तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून लिहिलं. त्या दोघांचा विश्वास कमी पडला असं त्यानं कुठंच लिहिलेलं नाही. पुढच्या वेळी मंडळी आली की चहा दे, प्रार्थना करू दे, आणि सुयांचा विषय निघाला की उठून स्वयंपाकघरात जा.

लपलेल्या पापाचा प्रश्न तर येशूच्या शिष्यांनीच विचारून ठेवलाय. योहान ९. जन्मांध माणूस समोर उभा आणि हे विचारतात, पाप कोणी केलं, यानं की याच्या आईबापांनी? प्रभूनं सांगितलं, यानंही नाही, त्यांनीही नाही. एवढं स्पष्ट उत्तर मिळूनही आपल्याकडं तोच प्रश्न फिरून फिरून विचारतात, याचा मला अजून राग येतो.

एक व्यवहाराचं. वीस गुंठे विकल्याचं वाचून विचारते : महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कागद केलेत का? डायलिसिस त्या योजनेत बसते. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला गाठ. विचारायला लाज वाटून घेऊ नकोस.

आता तुझा खरा प्रश्न.

१९८८ साली आमची धाकटी गेली. नऊ वर्षांची होती. मेंदूज्वर, तीन दिवस. मी स्वतः सिस्टर, दुसऱ्यांच्या मुलांना सलाईन लावणारी, आणि माझ्या हातात तिचा हात गार होत गेला. शोकसभेला एक पाहुणे उभे राहिले आणि म्हणाले, देवाला आपल्या बागेत एक सुंदर फूल हवं होतं. समोर माइक नसता तर मी त्यांना चप्पल मारली असती. (ते आता प्रभूजवळ आहेत. तिथं गेल्यावर आधी हाच विषय काढणार आहे.)

त्यानंतर माझा आवाज बंद झाला. घरात बोलायचे, वॉर्डात बोलायचे, पण देवळात, म्हणजे चर्चमध्ये, तोंड उघडायचं नाही. मी शेवटच्या बाकावर, चपला काढतात तिथं, बसू लागले. एका रविवारी सासूबाई शेजारी येऊन बसल्या. त्या जुन्या काळच्या बायबलबाई, बायबल सांगत पायी गावं पालथी घातलेल्या, आवाज फाटका. मला वाटलं, आता उपदेश होणार. त्या म्हणाल्या, "तू गाऊ नको. तोंड मिटून बस. तुझ्या वाटचं मी म्हणते. कधी माझ्यावर वेळ आली तर माझ्या वाटचं तू म्हण." आणि गायल्या. बेसूर! जवळजवळ वर्षभर, दर रविवारी, माझ्या वाटचं.

माझा आवाज परत आला त्यात काही आध्यात्मिक नव्हतं, सांगायला थोडी शरम वाटते. कापणीचा सण होता. लोकांनी आणलेलं धान्य, भोपळे, कोंबड्या यांचा लिलाव चालू होता. एक कोंबडी पाय सोडवून पळाली ती थेट उपदेशाच्या पुलपिटाखाली शिरली, आणि पाळकसाहेब झगा सावरत तिच्यामागं ओणवे. मी हसले. अकरा महिन्यांत पहिल्यांदा. पुढचं गीत सुरू झालं आणि दुसऱ्या कडव्याला कळलं की हा आवाज आपलाच. सासूबाईंनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. पुढं त्यांना अर्धांगवायू झाला, वाचा गेली. मग चार वर्षं मी त्यांच्या खाटेशी बसून त्यांच्या वाटचं म्हटलं.

म्हणून विचारतेस त्याचं उत्तर : नाही, गेला नाही. ज्याच्याशी भांडतेस तो आहे असं मानतेस म्हणून भांडतेस. बायबलातल्या दीडशे स्तोत्रांपैकी तिसरा हिस्सा तरी गाऱ्हाणंच आहे. स्तोत्र ८८ तर शेवटपर्यंत उजाडतच नाही, अंधारावरच संपतं. ते कोणी कापून टाकलं नाही, तसंच शास्त्रात राहू दिलं. तुला स्वतःचे शब्द सुचत नसतील तर ते वाच, मोठ्यानं वाच, रागानं वाच.

आपल्याकडं पंडिता रमाबाईंचं नाव निघालं की लोक केडगावचं त्यांचं मुक्ती मिशन सांगतात, दुष्काळातून आणलेल्या मुली सांगतात. बरोबरच आहे. पण मला त्यांची दुसरी बाजू आठवते. तरुणपणी दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये नवरा कॉलऱ्यानं गेला, पदरात तान्ही मनोरमा. ज्या मुलीनं पुढं काम हाती घ्यायचं, ती मनोरमा जुलै १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. रमाबाई स्वतः ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. सगळं सुटत गेलं आणि त्या शेवटपर्यंत बायबलच्या मराठी भाषांतराचं काम करत राहिल्या. त्या दिवसांत त्यांना गाता येत होतं का, कोण जाणे. काम करता येत होतं.

तू काय करायचंस? मंडळीत एक बाई निवड, एकच, आणि तिला सांग की रविवारी माझ्या शेजारी बस आणि माझ्या वाटचं म्हण. पाळकसाहेबांना सांग की शुक्रवारी एसटीत सोबतीला कोणी तरुण पाठवा. "प्रार्थनेत आठवण ठेवा" असं मोघम सांगू नकोस, दिवस आणि वेळ सांग. लोक वाईट नसतात, चौदा महिन्यांत दमलेत आणि तुझ्या दारात यायला घाबरतात.

आणखी एक. यजमानांच्या हातात फिस्तुला, म्हणजे डायलिसिसच्या सुईसाठी शीर जोडून केलेली जागा, केलेला असेल तर त्यावर हलकेच बोट ठेवून बघ. आत भुंगा गुणगुणल्यासारखं लागतं. ती थरथर रोज सकाळी तपासायचीच असते, थांबली तर त्याच दिवशी डायलिसिस सेंटरला कळवायचं. शब्द येत नाहीत म्हणतेस ना, मग सकाळी तेवढा वेळ बोट तिथंच ठेव. तुझी तेवढीच प्रार्थना सध्या पुरे.

प्रश्न : कंपनीनं कमी केलं त्याला सात महिने झाले. घरी सांगितलेलं नाही. सकाळी डबा घेऊन निघतो, वाचनालयात बसतो. आमच्या सेल ग्रुपमध्ये (चर्चचा प्रार्थनेचा छोटा गट) बायबलातल्या याकोबाच्या पत्रावरून सांगतात, परीक्षांना तोंड द्यावं लागतं तेव्हा आनंद माना. मला आनंद होत नाही. मी ढोंग करतोय का? — एक तरुण, पिंपरी

उत्तर : आनंद "माना" लिहिलंय, आनंद "वाटू द्या" नाही. मराठी माणसाला हा फरक समजावून सांगायची गरज पडू नये. परकी सून आपण मुलगी मानतो, म्हणजे ती पोटची होते असं नाही. मानणं ठरवून करायचं असतं, वाटणं आपल्या हातात नसतं. आणि याकोब ज्याला आनंदाचं कारण म्हणतो ते संकट नाही, संकटातून अंगात येणारा धीर आहे. नोकरी गेल्याचे पेढे वाटा असं तो म्हणत नाही. गेथशेमाने बागेत प्रभूनंही हा दुःखाचा प्याला टळो म्हणूनच विनवलं होतं.

ढोंगाचं विचारतोस तर ढोंग डब्याचं आहे, बाळा. आई पहाटे उठून पोळ्या लाटते त्या वाचनालयासाठी. आज घरी सांग. आधी बाबांना नको, आईला सांग. सात महिन्यांत तिला काही कळलं नसेल असं मला तरी वाटत नाही.

प्रश्न : मी आमच्या मंडळीत वडील (एल्डर) म्हणून निवडून आलो आहे. आजाऱ्यांच्या भेटी माझ्याकडं आहेत. खरं सांगतो, दारापर्यंत गेल्यावर पोटात गोळा येतो. जे बरे होणार नाहीत त्यांच्याशी काय बोलावं? कोणतं वचन वाचावं? — एक वाचक, नाशिक

उत्तर : गोळा येतो हे चांगलं आहे. ज्यांना येत नाही ते जास्त बोलतात.

बायबलातल्या सगळं गमावलेल्या ईयोबाचे तिघे मित्र आठवा. त्यांना आपण नावं ठेवतो, पण पहिले सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. तिथपर्यंत ते उत्तम पाहुणे होते. तोंड उघडलं आणि बिघडलं. तुम्ही सात दिवस बसू नका, सात मिनिटं तरी गप्प बसा. भेट एकूण वीस मिनिटांची, त्याहून लांबली तर पेशंटचा जीव थकतो आणि घरच्यांना चहा टाकावा लागतो.

पलंगावर बसू नका. सलाईनच्या हाताला धरून प्रार्थना करू नका. हे माझं जुनं दुखणं आहे, भावनेच्या भरात सुई निसटते आणि पुन्हा टोचावी लागते. "लवकर बरे व्हाल" हे माहीत नसेल तर म्हणू नका. "माझ्या मावसभावालाही हेच झालं होतं" हे तर मुळीच नको. काय वाचू, असं पेशंटलाच विचारा. बहुतेक जण तेविसावं स्तोत्र सांगतात. एका आजोबांनी मला मत्तयाच्या पहिल्या अध्यायातली वंशावळ वाचायला लावली होती. म्हणाले, नावं ऐकत ऐकत झोप येते. मी वाचली. दाविदापर्यंत पोचेतो ते घोरत होते.

प्रार्थना छोटी करा आणि तीत माणसाचं नाव घ्या. बरं होण्यासाठी मागा, जरूर मागा, पौलानं शरीरातला काटा, म्हणजे त्याचं दुखणं, जावा म्हणून तीनदा मागितलं होतं. पण आजची रात्र दुखल्याशिवाय जावी, हेही मागा. घरच्या बाईला निघताना दाराबाहेर विचारा की काल झोपलात किती तास. त्यावर ती रडेल. रडू द्या, घड्याळ बघू नका.

आणि किडनीचा पेशंट असेल तर केळी आणि शहाळं घेऊन जाऊ नका. आपल्याकडं आजाऱ्याला भेटायला जाणारा प्रत्येक माणूस तेच घेऊन जातो, आणि त्याला नेमकं तेच चालत नाही.