स्पोर्ट्स बाइकला हलकी डिस्क प्लेट बसवावी का? आधी वजन कुठून कमी केलंय ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी केटीएमची आरसी ३९०, सुट्टीच्या दिवशी ताम्हिणी नाहीतर वरंध घाट, वर्षातून एक-दोनदा कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डे, म्हणजे रेसच्या ट्रॅकवर स्वतःची गाडी पळवायचा दिवस. पुढची ३२० मिमीची डिस्क घासत आली आहे आणि ऑनलाइन ५ मिमीच्या जागी ४ मिमी जाडीची ‘रेसिंग’ डिस्क दिसते आहे, दोनशे ग्रॅमने हलकी. घ्यावी का?

ही घेऊ नका. हलकी डिस्क वाईट असते असं माझं म्हणणं नाही, पण या डिस्कचं वजन नेमकं चुकीच्या जागेवरून काढलं आहे.

ब्रेक दाबला की गाडीच्या वेगाची उष्णता होते, आणि ती सगळ्यात आधी साठते डिस्कच्या स्टीलमध्ये. हवेत जाते ती त्यानंतर. म्हणून पॅड जिथे घासतात त्या पट्टीचं वजन म्हणजे नुसतं ओझं नाही, ती उष्णता ठेवायची जागा आहे. तुमच्याच गाडीचा हिशेब मांडतो. गाडी आणि गिअर घातलेले तुम्ही मिळून २५० किलो धरू. ताशी १२० वरून ६० वर आलात की साधारण १०४ किलोज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. हवेचा रोध आणि इंजिन ब्रेकिंग तूर्त बाजूला ठेवा. जोरात ब्रेक मारताना यातला ८० टक्के भार पुढचा ब्रेक घेतो असं धरलं, तर ८३ किलोज्यूल त्या एका पट्टीत जातात. ३२० मिमी व्यास, ३५ मिमी रुंद पट्टी आणि ५ मिमी जाडी असेल तर भोकं वजा जाता ती पट्टी सुमारे १ किलो ५० ग्रॅमची होते. ४ मिमीची ८४० ग्रॅमची. म्हणजे त्याच एका दाबात जाड पट्टी साधारण १६५ अंशांनी तापेल आणि पातळ २०५ अंशांनी. ट्रॅकवर ही थंड व्हायच्या आतच पुढचं वळण येतं.

कोणी म्हणेल की लांब उतारावर सरासरी तापमान वजनापेक्षा हवा लागणाऱ्या पृष्ठभागावर ठरतं. बरोबर आहे. पण प्रत्येक दाबाला त्या सरासरीवर जो उसळा येतो तो पातळ प्लेटमध्ये मोठा असतो, आणि त्या उसळ्यातच ती वाकते.

आता फायदा किती मिळतो ते बघू. हलकी डिस्क म्हणजे गाडी वळणात पटकन पडते, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. चाक फिरवायला लागणारा जोर वजनावर आणि त्रिज्येच्या वर्गावर ठरतो. डिस्कची पट्टी मध्यापासून सरासरी १४ सेंटीमीटरवर, टायरचा रबर सुमारे २८ सेंटीमीटरवर. त्रिज्या निम्मी, म्हणून परिणाम चौथाई. डिस्कमधून वाचवलेले २१० ग्रॅम म्हणजे टायरवरचे जेमतेम ५० ग्रॅम. बॅलन्सिंग करताना रिमला जी वजनाची चिमुकली पट्टी चिकटवतात, तिच्यासारख्या दोन-तीनांचा हा मामला. शॉकअपच्या दृष्टीने मात्र पूर्ण २१० ग्रॅम मोजले जातात, हे खरं. पण चाक, टायर, पॅड धरून दाबणारा कॅलिपर आणि फोर्कचा खालचा भाग मिळून दहा किलोच्या वर जातात, त्यात ते रस्त्यावर जाणवणार नाहीत. वळणातला हलकेपणा हवा असेल तर टायर बदलताना त्याचं वजन विचारा. तिथला एक ग्रॅम डिस्कच्या चार ग्रॅमांच्या बरोबरीचा आहे.

मी हे इतकं आग्रहाने सांगतोय, कारण मी हीच चूक केली आहे. सात-आठ वर्षांपूर्वी २०० सीसीच्या गाडीला मी अशीच एक फुलाच्या पाकळ्यांसारख्या कडांची, मोठमोठ्या खाचांची पातळ डिस्क बसवली. दिसायला देखणी होती. मे महिन्यात कोल्हापूरहून आजरामार्गे सावंतवाडीला निघालो, मागे भाऊ, टाकीवर बॅग. आंबोली घाट उतरताना आधी पॅडचा करपट वास आला. मग पुढच्या एका वळणावर लिव्हर दाबलं तर ते मऊ, आणि त्याच्या पुढच्या वळणाला थेट हँडलच्या मुठीला टेकलं. मागचा ब्रेक आणि पहिला गिअर यांच्यावर गाडी कशीबशी कठड्याजवळ उभी केली. डिस्कवर निळी-जांभळी झाक आली होती. भाऊ पाण्याची बाटली घेऊन धावला, त्याला अडवलं. तापलेल्या डिस्कवर गार पाणी कधीच ओतायचं नाही, ती तिथल्या तिथे वाकू शकते. अर्धा तास थांबल्यावर लिव्हरमध्ये जोर परत आला.

लिव्हर मऊ होऊन आत जाणं याचा अर्थ ब्रेक ऑइल उकळलं. त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि दाबलं की ते बुडबुडेच दबतात, पिस्टन हलत नाही. लिव्हर टणक असूनही गाडी थांबत नसेल तर तो पॅडचा दोष. दोन्हीला लोक ‘ब्रेक फेल’ म्हणतात, पण इलाज वेगळे आहेत. माझ्या बाबतीत सगळा दोष डिस्कचा नव्हता, अर्धा माझ्या ब्रेक ऑइलचा होता. तीन पावसाळे ते बदललं नव्हतं. डॉट ४ दर्जाचं ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतला ओलावा ओढतं आणि मुरलेल्या ऑइलची मर्यादा १५५ अंशांवर येते. आपल्याकडच्या दमट हवेत, कोकणात तर जास्तच, दोन वर्षं ही शेवटची मुदत समजा. ट्रॅक डेला जाणार असाल तर त्याच्या आधी बदलाच. डॉट ५.१ त्याहून थोडं वर टिकतं आणि डॉट ४ च्या सिस्टिममध्ये चालतं. नुसतं डॉट ५ लिहिलेलं मात्र सिलिकॉनचं असतं, ते घालायचं नाही.

परत आल्यावर लिव्हर बोटांना ठोके द्यायला लागलं, ब्रेक दाबला की हँडल थरथरायचं. उद्यमनगरात एका ओळखीच्या लेथवाल्या तात्यांकडे चाक नेलं. त्यांनी चाक एक्सलवर टांगलं, डायल गेज डिस्कच्या कडेपाशी टेकवला आणि बोटाने हळूहळू फिरवलं. काटा एका फेरीत जवळजवळ अर्धा मिलिमीटर जाऊन येत होता. तात्या म्हणाले, “ही प्लेट न्हाई ऱ्हायली, परात झाली बघ.” आणि तसंच झालं होतं. पट्टी तापून पसरली, मध्यभाग गार राहिला आणि तो बोल्टने हबला जखडलेला. जागा न मिळाल्याने पट्टी एका बाजूला कलली. ३२० मिमीची स्टीलची पट्टी ३०० अंशांनी तापली तर तिचा व्यास जवळपास १ मिमीने वाढतो, त्या वाढीला कुठेतरी जायचं असतंच. (थरथर म्हणजे दर वेळी डिस्क वाकली असंही नाही. बऱ्याचदा पॅडचा थर डिस्कवर कुठे जाड, कुठे पातळ बसलेला असतो. म्हणून फेकायच्या आधी डायल लावून बघा.)

फ्लोटिंग डिस्क निघाली ती याच कारणाने. तिच्यात घासणारी पट्टी स्टीलची आणि मधला भाग, ज्याला कॅरिअर म्हणतात, तो ॲल्युमिनियमचा असतो. दोघांना छोट्या गोल बॉबिनी जोडतात आणि त्यांच्यात किंचित ढिलाई ठेवलेली असते. पट्टी तापली की ती बाहेरच्या बाजूला मोकळी पसरते. ॲल्युमिनियमची घनता स्टीलच्या सुमारे एक तृतीयांश, त्यामुळे वजनही मधूनच कमी होतं आणि पट्टीची जाडी शाबूत राहते. तुम्हाला हलकी डिस्क घ्यायचीच असेल तर ही घ्या: मूळचाच व्यास, मूळचीच जाडी, मध्यभाग ॲल्युमिनियमचा. गालफर, ईबीसी, ब्रेकिंग, ब्रेम्बो ही नावाजलेली घराणी आहेत, पण खोक्यावर तुमच्या गाडीचं मॉडेल आणि साल लिहिलेलं असेल तरच. ३९० च्या वेगवेगळ्या सालांचे हब आणि डिस्क सारखे नाहीत. बोल्टची भोकं जुळली तरी ऑफसेट, म्हणजे हबपासून पट्टीचं आडवं अंतर, दोन मिलिमीटरने चुकला तर पट्टी कॅलिपरच्या मधोमध येत नाही. एबीएसच्या रिंगचीही जागा तपासा. आणि या सगळ्याचा खर्च जड वाटत असेल तर कंपनीची मूळ डिस्क बसवा, त्यात काहीही कमीपणा नाही.

रेसिंगवाले काय करतात हे बघण्यासारखं आहे. मोटोजीपीत डिस्क कार्बनच्या असतात, वजनाला खरोखर हलक्या, पण नीट पकडायला त्यांना शेकडो अंशांची उष्णता लागते. भाजी आणायला निघालेल्या गाडीवर त्या पकडणारच नाहीत. वर्ल्ड सुपरबाइकमध्ये कार्बनला परवानगी नाही, तिथे स्टीलच. आणि जिथे ब्रेकवर ताण जास्त, उदाहरणार्थ जपानचं मोतेगी किंवा ऑस्ट्रियाचं रेड बुल रिंग, तिथे मोटोजीपीवाले लहान डिस्क न घेता ३४० नाहीतर ३५५ मिमीची मोठी घेतात. याच रेड बुल रिंगवर ऑगस्ट २०२० मध्ये मोटोजीपीचा स्वार मॅव्हेरिक व्हिन्यालेस याचा पुढचा ब्रेक तापून गेला आणि त्याला २०० च्या वरच्या वेगात चालत्या गाडीवरून उडी मारावी लागली. एकेक ग्रॅम मोजणारी ही माणसं उष्णतेपुढे वजनाचा विचार सोडून देतात.

मागच्या डिस्कचं गणित वेगळं. ट्रॅकवर तिच्यावर फार थोडा भार येतो, तिथे थोडी हलकी चालून जाते. पण तुम्ही घाट उतरता, कधी मागे कोणी बसलेलं असतं आणि मग मागचा ब्रेक घासत राहतो. मूळची २३० मिमीची डिस्क आहे तशीच राहू द्या.

बसवतानाच्या दोन-तीन गोष्टी. जुने पॅड नव्या डिस्कवर लावू नका, जुन्या डिस्कच्या खाचा त्यांच्यात उमटलेल्या असतात. नव्या डिस्कवर गंज येऊ नये म्हणून तेलाचा हात असतो, तो ब्रेक क्लीनरने पुसा आणि मग बोट लावू नका. फिरण्याच्या दिशेचा बाण बघा. बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने, मॅन्युअलमधल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला), थ्रेडलॉक म्हणजे बोल्ट ढिले न होऊ देणारा गोंद लावून. नुसत्या अंदाजाने पाना ओढणाऱ्याला हे काम देऊ नका. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर हळूहळू, मध्यम दाबाने ब्रेक वापरा म्हणजे पॅडचा थर सारखा बसतो.

आणि सगळ्यात आधी जुनी डिस्क खरंच संपली आहे का ते मोजा. तिच्यावर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. व्हर्नियर लावलं तर फसाल, कारण बाहेरच्या कडेला न घासलेला काठ उभा राहतो आणि व्हर्नियर तोच मोजतं. मायक्रोमीटर घ्या, पट्टीच्या मधोमध चार-पाच जागी लावा आणि सगळ्यात कमी आकडा धरा. तो कोरलेल्या आकड्याच्या वर असेल तर या खेपेला फक्त पॅड आणि ब्रेक ऑइल बदला. आकडा इथे खाली लिहिलात तर पुढचं सांगतो.