प्रश्न वाचकांचे : साहस, प्रेम आणि इतिहास

प्रश्न : घोडदौड, तलवारबाजी आणि एखादी प्रेमकथा असलेल्या ऐतिहासिक कादंबऱ्या मला मनापासून आवडतात. मात्र अशा वाचनाने इतिहासाची समज बिघडते, असे मला इतिहास शिकवणारे सर म्हणत असत. आता वाचताना ‘हे खरोखर घडले होते का?’ हा प्रश्न सतत मनात येतो आणि रसभंग होतो. या कादंबऱ्या कशा वाचाव्यात?

उत्तर : आपला प्रश्न रास्त आहे, तो फक्त फार लवकर पडतो, असे मला वाटते. पहिल्या वाचनात कथेला तिच्या वेगाने धावू द्यावे, शंका येईल तेथे पानाच्या कडेला पेन्सिलीने बारीक खूण करावी आणि पुस्तक संपल्यावर त्या खुणांकडे परतावे. मी अनेक वर्षे असेच वाचत आलो आहे आणि इतिहासाच्या ग्रंथांपर्यंत मला या खुणांनीच नेले.

त्यांतली एक खूण सांगतो. अलेक्झांडर द्युमा यांची ‘थ्री मस्केटियर्स’ ही कादंबरी १८४४ मध्ये मार्च ते जुलै या काळात एका फ्रेंच दैनिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यात इंग्लंडच्या राजाचा लाडका मंत्री ड्यूक ऑफ बकिंगहॅम याचा जॉन फेल्टन नावाच्या अधिकाऱ्याच्या हातून खून होतो. (कादंबरी अजून न वाचलेल्यांची येथे क्षमा मागतो.) हा खून खरा आहे. २३ ऑगस्ट १६२८ रोजी पोर्ट्समथ येथे फेल्टनने बकिंगहॅमला सुरा भोसकला. प्रत्यक्षातल्या फेल्टनचा पगार थकला होता, कप्तानपदासाठी त्याला डावलले गेले होते आणि आपली बाजू कागदावर लिहून तो त्याने टोपीत शिवून ठेवला होता. कादंबरीत मात्र कैदेतली एक सुंदर स्त्री त्याच्या मनाचा ताबा घेते आणि अवघ्या काही दिवसांत त्या कर्तव्यकठोर पहारेकऱ्याला मारेकरी बनवते. तारीख, गाव आणि सुरा इतिहासाचा, हेतू कादंबरीकाराचा! टोपीतल्या कागदाची हकीकत कळल्यावर मी ती प्रकरणे पुन्हा वाचली आणि ती मला अधिकच आवडली, कारण लेखकाचा हात नेमका कोठे फिरला आहे, ते आता दिसू लागले होते.

तरीही आपल्या सरांचा आक्षेप अशा ठिकाणी खरा ठरतो, हे मान्य केले पाहिजे. फेल्टनला फक्त कादंबरीतून ओळखणाऱ्या वाचकाला त्या काळच्या इंग्लंडमधला सैनिकांचा असंतोष कधी दिसणारच नाही. नायक दार्तान्यां हाही खरोखर होऊन गेला आणि १६७३ मध्ये मास्ट्रिख्टच्या वेढ्यात मारला गेला; पण कथा ज्या १६२५ साली सुरू होते, तेव्हा तो अजून पोरगाच होता.

वॉल्टर स्कॉट यांनी १८१४ च्या ‘वेव्हर्ली’त वेगळी वाट धरली होती. पार्श्वभूमी १७४५ च्या स्कॉटलंडमधल्या बंडाची, पण बंडाचा नेता राजपुत्र चार्ल्स एडवर्ड कथेच्या कडेला आणि मधोमध एक काल्पनिक, डळमळीत मनाचा तरुण. राजपुत्राचे भवितव्य इतिहासाने आधीच ठरवून टाकलेले असते. हा तरुण कोणाच्या बाजूने लढेल आणि कोणावर जीव लावेल, याच्या आड मात्र कोणतीही नोंद येत नाही. इतिहास बिघडण्याची धास्ती वाटत असेल, तर अशा रचनेच्या कादंबऱ्यांपासून सुरुवात करावी.

प्रेमकथेसाठी माझी एकच कसोटी आहे : त्या प्रेमाची किंमत त्या काळाच्या हिशेबाने मोजावी लागते का? घराणे, धर्म, वारसा यांतले काही पणाला लागते का? पत्र पोचायला पंधरवडा लागणाऱ्या काळात दूरदेशी असलेल्या दोघांचा गैरसमज संध्याकाळपर्यंत मिटत असेल, तर पोशाख जुने आणि माणसे आजची, असे खुशाल समजावे. साहसालाही हाच न्याय लावावा. घोडा दमला पाहिजे आणि जखम चिघळली पाहिजे.

पुस्तकाला लेखकाचे मनोगत जोडलेले असेल, तर ते शेवटी वाचावे. आपण काय बदलले याची कबुली काही लेखक तेथे प्रामाणिकपणे देतात, पण त्या ओघात कथेचा शेवटही सांगून टाकतात.