युरोपात खेकड्याच्या मासेमारीतून खरा पैसा कोणत्या देशाला मिळतो?

नुसते टनांचे आकडे पाहून याचा अंदाज चुकतो. जात आणि खेकडा जिवंत पोहोचतो का, यावर भाव ठरतो.

तपकिरी खेकडा सर्वात जास्त ब्रिटन पकडतो. मग आयर्लंड, फ्रान्स, नॉर्वे. खाणारे मात्र बरेचसे स्पेन, फ्रान्स, पोर्तुगालचे. म्हणून पाण्याच्या टाक्या असलेल्या ट्रकमधून तो जिवंत दक्षिणेकडे जातो. नुकतीच कात टाकलेला खेकडा आतून पाणचट असतो आणि वाटेत लवकर मरतो, म्हणून बोटीवरच दाबून पाहतात आणि परत समुद्रात सोडतात. टाकीत एकमेकांना जखमी करू नयेत म्हणून नांगीच्या सांध्यातला स्नायुबंध कापतात; काप चुकला तर जखमेतून जंतुसंसर्ग होतो आणि माल वाया जातो. २०२१ पासून ब्रिटनच्या मालाला युरोपीय संघात शिरताना आरोग्य प्रमाणपत्र लागते. हा खर्च लहान निर्यातदाराला फार जड जातो.

किलोमागे कमाई पाहिली तर नॉर्वेचा लाल किंग खेकडा कितीतरी पुढे आहे. १९६० च्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञांनी तो बॅरेंट्स समुद्रात सोडला. आज २६ अंश पूर्व रेखांशाच्या पूर्वेला त्याच्यावर कोटा आहे. पश्चिमेला तो पसरू नये म्हणून कोट्याविना पकडू देतात.

इटलीत हिशेब उलटा आहे. पो नदीच्या मुखाशी अमेरिकेकडचा निळा खेकडा पाण्यात शेती करून वाढवलेल्या शिंपल्याच फस्त करतो. २०२३ मध्ये सरकारला त्याच्या बंदोबस्तासाठी २९ लाख युरो द्यावे लागले.