‘येईल हळूहळू’ म्हणत थांबू नका

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी तिसरीत आहे. बोलायला चुणचुणीत, तोंडी हिशेब पटापट करते, पण पुस्तक हातात दिलं की पोटात दुखायला लागतं. पहिलं अक्षर बघून पुढचा शब्द ठोकून देते. टीचर म्हणतात, घरात दोन भाषा असल्यामुळे गोंधळ होतोय, मराठी कमी करा. सासूबाई म्हणतात, तिचे बाबाही उशिराच वाचायला लागले, येईल हळूहळू. वर्कशीटचा क्लास लावलाय, पण रोज रडारड. धाकटा किंडरगार्टनमध्ये आहे, त्याचं अजून काही कळत नाही.

उत्तर: सासूबाईंनी निम्मं उत्तर देऊन टाकलंय, फक्त त्याचा अर्थ उलटा लावलाय. डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन अवघड जाणं, बऱ्याचदा घराण्यात चालत येतो. बाबा उशिरा वाचायला लागले असतील, तर लेकीकडे लवकर बघायला हवं. पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करणारही नाही. पण तुम्ही सांगताय ते तपासणी मागायला पुरेसं आहे.

घरी एक गोष्ट करून बघा. ‘ब्लेप’, ‘टिब’, ‘स्नॉग’ असे अर्थ नसलेले शब्द इंग्रजीत लिहून तिच्यापुढे ठेवा. ओळखीचे शब्द मुलं चित्रासारखे पाठ करतात, त्यामुळे दुसरीपर्यंत निभावून जातं. बनावट शब्दावर ती अडली किंवा त्याऐवजी ओळखीचाच कुठलातरी शब्द बोलली, तर अक्षर आणि आवाज यांची सांगड बसलेली नाही असं समजायला जागा आहे. तज्ज्ञांच्या चाचणीतही असे शब्द असतात. आणि ‘मराठी तर वाचते की थोडंफार’ यावर विसंबू नका. देवनागरीत अक्षर आणि उच्चार बरेचसे जुळतात, म्हणून अशी काही मुलं मराठी बरोबर वाचतात, पण फार हळू, बोट ठेवत, जोडाक्षराला थांबत.

दोन भाषांमुळे डिस्लेक्सिया होत नाही, ऑटिझम होत नाही, एडीएचडीही (लक्ष एका जागी न टिकणं, अतिचंचलपणा) होत नाही. मराठी बंद केलीत तर वाचन सुधारणार नाही, आजीशी बोलणं मात्र तुटेल. टीचरचा हेतू चांगलाच असणार, पण हा सल्ला ऐकू नका.

आता शाळेचं. पेरेंट-टीचर भेटीत तोंडी काळजी व्यक्त करून आपण घरी येतो आणि ‘सांगितलंय त्यांना’ म्हणून निवांत होतो. न्यू जर्सीत तोंडी बोलण्याने तपासणीच्या मुदतीचं घड्याळ सुरू होत नाही. मुख्याध्यापक आणि चाइल्ड स्टडी टीमला (अशी तपासणी करणारा शाळेचा तज्ज्ञांचा गट) ईमेल करा: मुलीचं नाव, इयत्ता, वाचनात नेमकं काय अडतंय याची चार ओळींत उदाहरणं, आणि स्पष्ट वाक्य की ‘आयडिया’ (दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा अमेरिकी केंद्रीय कायदा) या कायद्याखाली स्पेशल एज्युकेशनसाठी पूर्ण इव्हॅल्युएशनची आम्ही लेखी मागणी करतो. न्यू जर्सीत अशी मागणी पोचल्यापासून 20 दिवसांत शाळेला बैठक घ्यावी लागते. तुम्ही तपासणीला संमती दिलीत की तपासणी, निर्णय आणि पात्र ठरली तर आयईपी (तिच्यासाठी खास आखलेली लेखी शिक्षण योजना) लागू करणं, हे सगळं 90 दिवसांत बसवायचं असतं. दुसऱ्या राज्यांत मुदती वेगळ्या असतात. तपासणीचा खर्च शाळेचा.

‘आधी रीडिंग ग्रुपमध्ये घालून बघू, मग तपासणीचं ठरवू’ असं उत्तर येईल. ग्रुपला हो म्हणा, पण त्याच्या नावाखाली तपासणी लांबवता येत नाही, हे अमेरिकेच्या केंद्रीय शिक्षण खात्याने 2011 मध्येच राज्यांना कळवलंय. ‘आम्ही डिस्लेक्सिया हा शब्द वापरत नाही’ हेही ऐकाल. आयईपीमध्ये तो लिहायला कायद्याची आडकाठी नाही, हे त्याच खात्याने 2015 च्या पत्रात सांगितलंय.

काही शाळा आयईपीऐवजी 504 प्लॅन पुढे करतात. त्यात परीक्षेला जादा वेळ मिळतो, प्रश्न वाचून दाखवतात. मोठ्या मुलांना ते पुरतंही. पण तिसरीतल्या मुलीला वाचायलाच शिकवायचं असेल, तर नुसता वेळ वाढवून काय उपयोग? माझं मत विचाराल तर आयईपीचा आग्रह धरा, आणि बैठकीत विचारा: आवाज आणि अक्षरं क्रमाने, पायरीपायरीने शिकवणारी कुठली पद्धत वापरणार? ऑर्टन-गिलिंगहॅम किंवा तशीच एखादी? आठवड्यातून किती वेळा, किती मुलांच्या गटात, शिकवणाऱ्याचं ट्रेनिंग कसलं? पहिल्या आयईपीवर तुमची सही झाल्याशिवाय सेवा सुरू होत नाहीत, त्यामुळे दिवस वाया घालवू नका. पण टेबलावरच सही करायचीही गरज नाही. घरी आणा, वाचा.

बैठकीला बाबांनी यायलाच हवं. स्वतःच्या शाळेतले किस्से त्यांनी सांगितले तर टीमला उपयोग होतो, आणि लेकीला कळतं की यात लाजण्यासारखं काही नाही. (आपल्याकडे बापलोक ग्रीन कार्डाच्या कागदपत्रांना हजर असतात, शाळेच्या बैठकीला मीटिंग आडवी येते.) व्हिसाचं म्हणाल, तर शाळेला त्याच्याशी देणंघेणं नाही. इमिग्रेशनची स्थिती काहीही असो, मुलाला सरकारी शाळेचा हक्क आहे, हा अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा निकाल 1982 चा आहे.

वर्कशीटचा क्लास बंद करा. तिला येत नाही तेच रोज पन्नासदा करायला लावून हाती रडारडच लागते. महाराष्ट्र मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत मात्र पाठवत राहा. तिथल्या ताईंना आधी सांगून ठेवा की वर्गासमोर वाचायला उभी करू नका. गोष्ट सांगू दे, नाटुकलीत काम करू दे. ह्रस्व-दीर्घाची लाल खूण काही वर्षं नसली तरी चालेल.

उद्या महाराष्ट्रात परतायचं झालं तर रिपोर्टांची फाइल सोबत न्या, पण तेवढ्यावर भागणार नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आहे आणि राज्य मंडळ अशा मुलांना दहावी-बारावीला जादा वेळेसारख्या सवलती देतं, पण त्यासाठी तिथल्याच मान्यताप्राप्त रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. मुंबईत सायन आणि नायर रुग्णालयांत ही तपासणी होते. परतण्याचं ठरलं की लगेच त्या कामाला लागा.

धाकट्याची बहीण आणि बाबा असे आहेत, म्हणून त्याच्यावरही नजर ठेवा. यमक जुळवता येतं का, ‘कप’मधला पहिला आवाज कुठला हे सांगता येतं का, अक्षरांची नावं लक्षात राहतात का? अडखळत असेल तर त्याच्या टीचरना आत्ताच ईमेल करून मोठ्या बहिणीचं सांगून ठेवा. न्यू जर्सीत डिस्लेक्सियाची लक्षणं दिसणाऱ्या मुलांची चाचणी दुसरीच्या पहिल्या सहामाहीपर्यंत करायची असा नियम आहे. ती शेवटची मुदत आहे, त्याआधी मागायला कुणी अडवत नाही.